मुडगाळ सुटली की

३ फेब्रुवारी, सोमवार. नांदेड

‘मुडगाळ’ हा शब्द आला कुठून? मला माहीत नाही. आज दयानंद सरांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, "माहीत नाही हे उत्तर रकान्यात बसत नाही, तनुजा."

रकाना व्युत्पत्तीचा. आमच्या बोली-शब्दसंग्रहात एका शब्दाला एक फॉर्म भरायचा असतो. शब्द, अर्थ, व्युत्पत्ती, वाक्य, आणि खाली माहिती देणाऱ्याचं नाव, वय, गाव, व्यवसाय. आम्ही चौघं शब्द गोळा करतो. मार्चमध्ये वीस शब्दांची एक पुस्तिका छापली जाणार आहे आणि तिच्यातलं काम बघून चौघांपैकी दोघांना तीन वर्षांसाठी ठेवणार आहेत. मला राहायचं आहे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. शब्द मरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे मला खरंच सहन होत नाही.

मुडगाळ हा माझा सगळ्यात चांगला शब्द आहे. होळीच्या मागेपुढे पहाटे उगवतीकडून सुटणारा वारा. आमचे अण्णा म्हणजे माझे वडील म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही. कोशांत नाही. सर म्हणाले, कोशात नाही म्हणजे एक तर रत्न आहे, नाही तर तुमच्या घरातलं काहीतरी आहे. शोधा.

शोधा! जणू टेबलाखाली पडलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

सरांनीच शोधला. सकाळी फळ्यावर लिहिलं: मुद् + गळ. मुद् म्हणजे आनंद. ज्या वाऱ्यातून आनंद गळतो, तो मुडगाळ. खाली दोन रेघा मारल्या.

लुंबिनी किनवटची आहे, माझ्या शेजारी बसते, तिला गप्प बसवत नाही. म्हणाली, "सर, गळला म्हणजे संपला ना? आमच्याकडं टाकी गळली की पाणी संपून राहते."

सर हसले नाहीत. मला म्हणाले, आधी अर्थ पक्का करून आण, म्हणजे व्युत्पत्ती आपोआप पक्की होईल. उलटं असायला हवं की हेच बरोबर, मला कळेना. आजवर एवढं शिकले आणि साध्या गोष्टीत अडकते.

९ फेब्रुवारी, रविवार. गावी

नांदेडहून उदगीर, तिथून देवणीची गाडी, तिथून काळी-पिवळी. अण्णा फाट्यावर उभे. सोबत चारजण. "ही आमची तनुजा. पुस्तकात नाव येणाराय आमचं." माझं नाही, त्यांचं. फॉर्मवर माहिती देणाऱ्याचं नाव छापतात एवढं मी फोनवर बोलले होते. त्यावर त्यांनी गावभर दवंडी दिली आहे.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.ए.चं प्रमाणपत्र अण्णांनी लॅमिनेशन करून देवघराशेजारी लावलंय. त्याच्यापुढे उदबत्ती लावू नका, असं मला आजवर दोनदा सांगावं लागलंय.

जेवण झाल्यावर वही काढली.

"अण्णा, मुडगाळ हा शब्द तुम्ही कुणाकडून ऐकला?"

"वाऱ्याकडून."

"नीट सांगा ना."

"आता वाऱ्याचं नाव वारा सांगणार न्हाई तर कोण तहसीलदार सांगणार?"

"आजोबा म्हणायचे का?"

"न्हाई."

"मग?"

"तू दही घेतलीस का न्हाई?"

असं अर्धा तास चाललं. आई चुलीपाशी होती, तिला विचारलं तर म्हणाली, "त्यांनाच इचार." आणि तवा घासत बसली. तवा स्वच्छ होता.

शेवटी मी चिडून वही मिटली तेव्हा अण्णा सावरून बसले आणि एकदम पाठ केल्यासारखं बोलले, "लिव्ह. सुगी झाली. रास घरात आली. बैलालाबी काम न्हाई अन् माणसालाबी न्हाई. अशा टायमाला सकाळच्या पारी उगवतीकडून जे थंड वारं येतंय ती मुडगाळ. इसाव्याचं वारं."

सुंदर आहे. एवढं सुंदर सांगता येतं तर अर्धा तास मला का नाचवलं?

फोटोसाठी फेटा बांधून बसले. तीन फोटो काढायला लावले. मी मोबाइल धरून उभी आणि आई खोलीतली जुनी घोंगडी उचलून बाहेर टाकत होती, तिला कसर लागली आहे. अण्णा फेट्यासकट उठले आणि तिच्या हातातून ओढून घेतली. "हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय का न्हाई?" घरात चार नवी ब्लँकेटं आहेत, दोन मी माझ्या पगारातून आणलीत. त्या चिंधीसाठी आईवर ओरडायची काय गरज? मी तोंडावर बोलले. ते घोंगडीची घडी करून आत ठेवून आले. होळी जवळ आली की त्यांचा स्वभाव असाच होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. नांदेड

सरांनी फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. "इसाव्याचं वारं. वा!" पुस्तिकेचं पहिलं पान मुडगाळीचं. पानभर अण्णांचा फेट्यातला फोटो. सर म्हणाले, "कष्टकऱ्याच्या तोंडून किती मोठं तत्त्वज्ञान आलंय बघा." मग माझ्याकडे वळून, "एवढा शब्द पक्का झाला तर तुझं झालंच समज."

फक्त दुसऱ्या गावातला दुसरा माणूस हवा. एकाच माणसाचा शब्द छापत नाहीत, असा नियम आहे. नियम बरोबर आहे. मीच मागच्या महिन्यात बैठकीत त्याच्या बाजूने बोलले होते.

अण्णांना फोन केला. पहिलं पान हे त्यांनी मला दोनदा परत म्हणायला लावलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

माणसं मिळेनात.

भोकरला दोन दिवस. पहिल्या गावात एक गुरुजी म्हणाले, असा शब्दच नाही, असता तर आम्हाला माहीत असता. दुसऱ्या गावात एका बाईंनी सांगितलं, हो हो, आहे की, मुडगाळ म्हणजे वातामुळे पायाला येते ती सूज. तिसऱ्या गावात पारावरच्या सहा जणांनी सहा अर्थ सांगितले आणि नंतर आपसांत भांडायला लागले. मला चहा पाजून म्हणाले, "ताई, तुमाला जो आवडला तो लिव्हा. आमचं काय म्हणणं न्हाई."

लुंबिनीने किनवटकडच्या तिच्या सगळ्या मावश्यांना फोन लावले. एकीलाही माहीत नाही. वर एक मावशी म्हणाली म्हणे, शब्द विचारायला पगार देतात तर आमच्या पोरीला पण घ्या.

माझं एवढंच म्हणणं आहे की वारा सगळ्यांच्या अंगावरून जातो. मग त्याचं नाव एकाच माणसाला कसं माहीत?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांशी फोनवर भांडण. मी फक्त एवढं विचारलं होतं की लग्नाआधी तुम्ही हैद्राबादला कंपनीत होता, तिथे कुणाकडून ऐकला असेल का? त्या सहा वर्षांबद्दल ते कधी बोलत नाहीत. हैद्राबादचा चारमिनार कसा दिसतो विचारलं तरी "उंच हाय" एवढंच सांगतात.

"किती खोदून इचारायलीस? पोलीस हायेस का?"

"अण्णा, दुसरा माणूस मिळाला नाही तर शब्द जाईल. मी पण जाईन."

"मग दुसरा शब्द घे की. आपल्याकडं शब्दाला काय तोटा हाय? पाट घे, मोट घे."

"मोट सगळ्यांना माहीत आहे!"

"बरंच हाय की मग. लवकर हुईल."

फोन ठेवला. स्वतःचं नाव छापून यावं म्हणून गावभर सांगत सुटायचं आणि मदत म्हणून एक शब्द बोलायचा नाही. शिकलेल्या मुलीने काही विचारलं की आपल्याला कमी लेखते असं वाटतं की काय त्यांना? मला तसं कधीच वाटलं नाही. हे त्यांना कसं सांगायचं तेही कळत नाही.

४ मार्च, मंगळवार

पुस्तिका अठराला छापायला जाणार. सर आज म्हणाले, "दुसरं नाव कुणाचंही टाक. शेजाऱ्याचं टाक. कोण विचारतंय?" मी म्हणाले, मी विचारतेय. ते म्हणाले, तुझ्या वयाला ते शोभतं.

लुंबिनी बाहेर आल्यावर म्हणाली, "तू बी कमाल करून राहिली. नोकरी ताटात वाढली अन् तू मीठ तपासून राहिली."

काल देवणीच्या बैलबाजारात गेले होते. तिथे ज्ञानोबा नावाचे म्हातारे दलाल भेटले. पन्नास वर्षं बैलांचे सौदे करतात, सीमेपलीकडची गावंही त्यांच्या पायाखालची. शब्द ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "हे मोठ्या घरातलं बोलणं हाय. कर्नाटकाच्या शिवंवर नीलम्माचं घर हाय, तिथं जा." मग विचारलं, "तू कुणाची?" मी अण्णांचं नाव सांगितलं. "आसं, आसं," म्हणाले आणि बैलाचे दात बघायला निघून गेले. बैलाचे दात त्यांनी आधीच बघितले होते.

८ मार्च, शनिवार. देवणी

नीलम्मा सापडल्या! ऐंशीच्या असतील. दगडी घर, दारात मोठी चिंच, कपाळाला भस्म. दारातच म्हणाल्या, "बा, कूड." म्हणजे ये, बस. घरात कानडी, माझ्याशी मराठी.

मी शब्द उच्चारला आणि त्या चिडल्यासारख्या हसल्या. "मूडु म्हंजे उगवती. गाळी म्हंजे वारं. मूडगाळी. त्यात काय पुस्तक लिव्हायचं?"

पाच आठवडे! मुद् काय, आनंद काय, फळ्यावर दोन रेघा काय! देवणीपासून तासाभरावर एक बाई भाजी निवडता निवडता सांगते. मी तिथेच कपाळाला हात लावला, तर त्यांना वाटलं ऊन लागलं, पाणी आणलं.

मी अण्णांचा अर्थ वाचून दाखवला, विसाव्याचं वारं. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"इसावा? कुणाचा इसावा? अव्वा, ते गडी पळायचं वारं."

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू आणि पाडव्याला खलास. होळीच्या आसपास मूडगाळी सुटली की गड्याचं डोकं फिरतं, दिवस मोजायला लागतो, सुगीचं काम अर्धं टाकून घरला पळतो. म्हणून वारं सुटलं त्या दिवशी त्यांचे मालक, म्हणजे नवरा रेवणसिद्ध अप्पा, सगळ्या गड्यांच्या घोंगड्या आत माडीवर उचलून ठेवायचे. पाडव्याला परत.

"थंडी वाजत असेल की पहाटे."

"वाजायची की. म्हून तर ठेवायचे. घोंगडी सोडून कोण पळतंय? वर्षाची एकच असती." त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, दूध तापवायची पद्धत सांगावी तसं.

"कुणी कामात ढिला पडला की अप्पा म्हणायचे, ह्याला मूडगाळी लागली. सगळी हसायची."

नंतर त्या भरकटल्या. म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, मी दोनदा विषयावर आणलं. कुणी शेशा म्हणून गडी होता, सहा सालं राहिला, देवणीकडचाच. एका वर्षी पंधरा दिवस तापाने पडला तर अप्पांनी ते पंधरा दिवस पाडव्यानंतर भरून घेतले. बाकीचे गडी गेले, हा एकटाच गोठ्यात. "रोज पहाटं उगवतीच्या भिताडाला पाठ लावून बसायचा. बैलाला लई जीव लावला होता. बैलासंगं कानडी बोलायचा, आमच्यासंगं मराठी. उलटं पोरगं." देवणीकडे शेषेराव नावाचा माणूस दर दोन घरांआड मिळतो. त्याला शोधून तिसरा माणूस करता येईल का, हे बघायला हवं.

पण आता अडचण वेगळीच आहे. अण्णांनी सांगितलेला अर्थ चुकीचा आहे, आणि तो पहिल्या पानावर आहे.

९ मार्च, रविवार. गावी

 

सकाळी अण्णा गोठ्यात होते. मी उत्साहाने सांगितलं, दुसरा माणूस मिळाला, नीलम्मा म्हणून एक बाई आहेत. गावाचं नाव मी सांगितलं नव्हतं. मुद्दाम नाही, सांगायचं राहिलं.

अण्णांनी पेंडीची पाटी खाली ठेवली. बराच वेळ बैलाच्या मानेवर हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आडाकडं जायाला आजून मागल्या दारानंच जावं लागतंय का?"

मी म्हणाले, "कोणत्या आडाकडे?"

आणि मग मला समजलं. शेशा. सहा सालं.

ते बैलाला ‘निल्लो, निल्लो’ म्हणतात. कानडीत, थांब. लहानपणापासून ऐकते. मला वाटायचं बैलांची भाषाच तशी असते.

 ते पाटी उचलून पलीकडे गेले. दुपारच्या गाडीने निघाले. आईने डबा दिला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून काही विचारलं नाही. या घरात कुणी काही विचारतच नाही. मीच एकटी सगळ्या जिल्ह्याला विचारत फिरते.

चारमिनार उंच आहे.

११ मार्च, मंगळवार. नांदेड

रात्रंदिवस डोक्यात एकच. खोटा अर्थ छापू देणार नाही, हे तर नक्की. खरा अर्थ अण्णांच्या नावासकट छापला तर गावाला कळेल. त्यांची सात एकर शेती, पंचायतीत दोनदा सदस्य, भांडण मिटवायला लोक त्यांना बोलावतात. ते कुणाच्या गोठ्यात निजायचे हे गावाला पुस्तकातून का कळावं?

म्हणून मी आज फॉर्म बदलला. अर्थ: सालगडी काम सोडून पळतात तो उगवतीचा वारा. व्युत्पत्ती: कानडी. माहिती देणार: नीलम्मा. दुजोरा: ज्ञानोबा दलाल. अण्णांचं नाव काढलं. फोटो काढायला सांगितला.

दयानंद सरांनी चष्मा काढला. "पहिल्याच पानावर पळालेले सालगडी? उद्घाटनाला पाहुणे येणारेत, तनुजा. त्यांना विसावा दे."

"अर्थ तो नाही, सर."

"तुझ्या वडिलांनी सांगितलेला आहे ना? मग त्यांच्यापुरता तो खराच."

"त्यांनी चुकून सांगितला."

हे खोटं बोलले. खरं छापावं म्हणून वर्षभर भांडते आणि पहिलं खोटं मीच बोलले.

सर म्हणाले, मग पहिलं पान दुसऱ्या शब्दाला जाईल. मुडगाळ मागे कुठेतरी. आणि निवडीचं आता काही सांगता येत नाही. लुंबिनीचा एक शब्द पहिल्या पानावर गेला. ती माझ्याशी दिवसभर नजर चोरून वागली. मी तिला म्हणाले, तुझा शब्द चांगला आहे. खरंच चांगला आहे. आणि मला खरंच राग आला.

पण अण्णांना वाचवलं. एवढं तरी केलं.

१६ मार्च, रविवार. गावी

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही म्हणून आले. फाट्यावर पुन्हा तीनजण. "पुस्तक आलं का?" मी नाही म्हणाले आणि भरभर चालायला लागले.

अण्णा ओसरीत. आई गव्हातले खडे निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. नीलम्मांनी काय सांगितलं, घोंगड्या, शेशा, पंधरा दिवस. आणि म्हणाले, "काळजी करू नका. तुमचं नाव मी काढून टाकलंय."

मला वाटलं होतं ते मोकळा श्वास सोडतील.

"काढलंस?"

"हो. कुणाला काही कळणार नाही."

"मग कुणाचं टाकलंस?"

"नीलम्मांचं."

आईचा हात सुपात थांबला. अण्णा उठले, ओसरीच्या कडेपर्यंत गेले, परत आले. एवढे चिडलेले मी त्यांना पाहिलेलं नाही, घोंगडीच्या वेळीसुद्धा नाही.

"तिला काय म्हाईत? आं? तिला काय म्हाईत गं? घोंगडी तिच्या माडीवर हुती. वारं मला लागत हुतं!"

मी खाली बसले.

"गडी पळायचं वारं म्हणती? सहा सालात मी एक दिवस पळालो न्हाई. इचार तिला. तापाचे पंधरा दिवस भरून दिले. पळायचं वारं म्हणं. मालकाला तसंच वाटणार की."

"अण्णा, मग तुम्ही मला विसाव्याचं का सांगितलं?"

"पुस्तकात बरं दिसावं म्हून."

"आणि हैद्राबाद?"

आई म्हणाली, "मला लग्नाच्या दिशीच सांगितलं हुतं त्यांनी. आधी सांगतो, मग अक्षता टाका म्हणले." म्हणजे आईला माहीत. ज्ञानोबा दलालाला माहीत. बैलांना माहीत. एक मी सोडून सगळ्यांना.

"मला का नाही सांगितलं?"

"तू साळंला जात हुतीस," अण्णा म्हणाले. जणू यात सगळं उत्तर आहे.

मी म्हणाले, यात काहीही उत्तर नाही. मी म्हणाले, मला लाज वाटली असती असं वाटलं का तुम्हाला? ते म्हणाले, "तुला न्हाई. मला." मग आई म्हणाली, "भांडा, भांडा. गहू मी एकटीच निवडते." आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. आम्ही तिघं खडे निवडत बसलो.

सुपात अर्धा गहू राहिला असताना अण्णा म्हणाले, "तुमच्या त्या कागदावर अजून लिव्हता येतंय का?"

"परवा छापायला जाणार. उद्या सकाळपर्यंत येईल."

"आण मग."

कोरा फॉर्म पिशवीत असतोच. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले, यावेळी दही, मोट काही मध्ये आलं नाही.

अर्थ? "पाडव्याला किती दिस राह्यले ते सांगणारं वारं. त्येंचं क्यालेंडर माडीवर हुतं. आमचं आंगावर. पयल्या दिशी कानाला लागतंय, चार दिसांनी पाठीला. पाठीला लागलं की समजायचं, आता पंधरा दिस."

वाक्य? "मुडगाळ पाठीला आली, पोरांनो."

"हे कोण म्हणायचं?"

"आम्ही. एकामेकाला. त्यो त्येंच्यासारखा टोमणा न्हवता."

वय, गाव. मग मी व्यवसायाच्या रकान्याशी आले आणि ‘शे’ लिहिलं.

"काय लिव्हायलीस?"

"शेतकरी."

"तवा कुठं शेतकरी हुतो?" त्यांनी हात पुढे करून माझ्या पेनाखालची ती जागा बोटाने पुसल्यासारखं केलं. शाई जराशी फाकली. "शब्द तवाचा हाय तर मानूसबी तवाचाच लिव्ह."

मी म्हणाले, अण्णा, गाव वाचेल. फाट्यावरचे ते तिघं वाचतील. पंचायतीत वाचतील.

"वाचू देत. निम्म्यांचे बाप माझ्यासंगंच हुते."

फोटोचं विचारलं. "फेट्याचा नको," म्हणाले. "तो फेटा तवा नव्हता." मग जरा थांबून, "बिनाफेट्याचा काढतीस का? टक्कल दिसंल?"

दिसलं. तीन काढायला लावले.

१७ मार्च, सोमवार. नांदेड

पहाटेची गाडी. साडेदहाला कार्यालयात.

दयानंद सरांनी फॉर्म दोनदा वाचला. म्हणाले, आता दोन अर्थ झाले. मी म्हणाले, हो, दोन्ही छापा. एक मालकाच्या घरातला आणि एक गोठ्यातला, खाली दोघांची नावं. ते म्हणाले, पुस्तिका गोंधळाची होते. मी म्हणाले, वारा एकच आहे, गोंधळ माझा नाही. आवाज चढला होता माझा. शेजारच्या खोलीतून लोक डोकावले.

"पहिलं पान आता मिळणार नाही."

"नको."

"आणि निवडीच्या यादीत मी तुझ्यासाठी बोलू शकणार नाही. तुझी बाजू कुणालाच पटणार नाही."

"बरं."

बरं म्हणाले खरं, पण जिन्यात येऊन रडले. लुंबिनी मागे आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी बोलते तुझ्यासाठी. माझं कोण ऐकून राहिलं, पण बोलते." मग तिने माझ्या हातातला फॉर्म घेऊन वाचला आणि एक शब्द बोलली नाही. लुंबिनी!

तोंड धुऊन वर गेले. सर जागेवर नव्हते, चहाला गेले होते. त्यांची वाट बघितली असती तर उद्या उजाडला असता. मी थेट आवक टेबलावर गेले, जुना फॉर्म मागून घेतला, त्यातला नीलम्मांचा अर्थ नव्यावर उतरवला आणि नवा दिला. तिथल्या बाईंनी रकाने भरलेत का ते बोट ठेवून तपासलं. नाव, शेषेराव. वय, एकसष्ट. व्यवसाय, सालगडी, सहा सालं. त्या बाईंचं बोट तिथे क्षणभर थांबलं. त्यांनी शिक्का मारला, वहीत क्रमांक लिहिला आणि गठ्ठा बांधून छपाईच्या पेटीत टाकला. पेटीला कुलूप लागलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.